मेंढ्याचे वाटे

प्रिय संघू,

जय भीम. तुर्भ्याहून सीवूड्सला माणूस चहा निवायच्या आत पोचतं. एवढ्याशा अंतराला कुणी पत्र पाठवतं का, म्हणून तू हसशील नाहीतर चिडशील. हसलीस तर बरं. पण काय करू, तोंडानं बोलायला लागलो की अलीकडे माझे शब्द फाटक्या पिशवीतल्या शेंगांसारखे वाटेतच गळतात. फोन केला तर अभयराव उचलतात आणि म्हणतात, अण्णा, ती आंघोळीला गेलीय. संघप्रिया, एवढ्या आंघोळी तू लहानपणी केल्या असत्यास तर तुझ्या आईचं किती ओरडणं वाचलं असतं! जावई बिचारे सरळ आहेत, खोटं बोलताना त्यांचा आवाज खाली जातो. त्यांना म्हणावं, मला राग नाही.

लिहायची तर आता मला सक्तीच झालीय. डॉक्टरांनी तुझ्या आईला सांगून ठेवलंय की रोज सकाळी यांच्याकडून कागदावर नाव लिहून घ्या आणि एक चांदणी काढून घ्या. ज्या दिवशी चांदणीचे कोपरे जुळणार नाहीत, त्या दिवशी लिव्हरनं न गाळलेली घाण डोक्यात चढली असं समजा आणि ते गोड औषध वाढवा. मी चौथी पास माणूस, पुढचं वाचन पुड्यांच्या कागदावरून आणि कंपनीतल्या पिंपांवरच्या चिठ्ठ्यांवरून शिकलेला, तो म्हातारपणी पुन्हा पाटीवर आलो. तुझी आई शाळेतल्या बाईसारखी चष्मा लावून माझी चांदणी तपासते. परवा म्हणाली, ही चांदणी नाही, हा खेकडा आहे, आणि वाटीभर सिरप माझ्या नरड्यात ओतलं. त्यानंतर मी दिवसभर कुठे होतो ते सांगायला नको. पण आज चांदणी सुरेख आलीय. म्हणून आजच लिहायला बसलो. मध्येच अक्षर वाकडं झालं तर पाठ दुखतेय असं समज, लगेच डोक्यावर जाऊ नकोस.

ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही असं मी तुम्हा दोघा भावंडांना, तुला आणि प्रितमला, शिकवलं, तेव्हा आधी भांडं पुढं करतो. त्या दिवशी दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, किसनराव, तुमची मुलगी तिच्या लिव्हरचा भाग तुम्हाला देतेय, तुम्हाला घ्यायचाय ना? आणि मी म्हणालो, मी नाही उचलणार. तू बॅग खांद्याला लावलीस आणि चालती झालीस. तुझ्या आईचं वय झालं, प्रितमचा रक्तगट जुळला नाही, उरलीस तू एकटी. तू किती महिने तेलाचा थेंब तोंडात घातला नाहीस, खाडीकाठानं पळून पळून वजन उतरवलंस, तुझ्या लिव्हरवरची चरबी उतरवलीस, आणि बापानं भरल्या ताटाला लाथ मारावी तसं म्हटलं, मी नाही उचलणार. आता पुढच्या आठवड्यात ऑपरेशनला परवानगी देणाऱ्या कमिटीसमोर मला एकट्याला बसवून तोच प्रश्न विचारणार आहेत. तिथे मी हो म्हणणार की नाही, हे घरात सगळ्यांना हवंय आणि विचारायची छाती कुणाची होत नाही. मी बोललो ते मला आठवतंय. पण ते आजारानं बोललं की मी, तेच मला उमगत नव्हतं. डॉक्टर म्हणतात, आजार असेल. तुझी आई म्हणते, आजार कसला, जन्माचा हेकटपणा. प्रितम म्हणतो, टेन्शन आलं असेल. एक ना धड, भाराभर चिंध्या. त्यावर येतोच, पण जरा चालीचालीनं येऊ दे.

आधी मटणाचं सांगतो, कारण खरा घोळ तिथूनच सुरू झालाय.

तुला ठाऊक आहे, त्या आहाराच्या गीतांजली मॅडमनी आपल्या दोघांना दोन निरनिराळे कागद दिले. एकाच घरचं रक्त, पण माझं ताट वेगळं आणि तुझं वेगळं. तुला म्हणाल्या, आठवड्यातून एखाद्या वेळी मटण चालेल, पण फक्त मांडीचं, वरची चरबी काढून, उकडून. मला म्हणाल्या, काका, तुमचं अंग झडलंय, तुम्ही प्रथिनं वाढवा, मीठ तोडा. आता याआधीच्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं की मटण बिलकुल बंद, मटणानं डोक्यात घाण चढते. मी मॅडमना म्हटलं, तुमच्या दोघांत कोण खरं? तर म्हणाल्या, दोघंही, त्यांचं जुनं झालं. खरं जुनं झालं म्हणजे खोटं झालं का, हे मी विचारणार होतो, पण मागे रांग होती. शेजारच्या शेवंताबाईंना हे कळल्यावर त्या कनवटीला गुपित बांधून आणल्यासारख्या आल्या आणि म्हणाल्या, भाऊ, ज्याचं दुखणं त्याचाच उतारा, रोज कलेजी खा, अर्धी कच्ची. मॅडमना विचारलं तर त्या खुर्चीतून उठल्याच. काका, कलेजीत लोह आहे, कबूल, पण अ जीवनसत्त्वही इतकं असतं की तुमच्यासारख्याच्या लिव्हरवर नुसता भार. म्हणजे बघ, ज्याचं लिव्हर गेलं त्यानंच लिव्हर खायचं नाही. मी मग मोबाईलमध्ये शोधलं. त्यात एक जण म्हणतो मेंढ्याचं बरं, दुसरा म्हणतो बोकडाचं, तिसरा म्हणतो दोन्ही सोडा आणि त्याच्याकडची पावडर घ्या.

मग मी विलासच्या दुकानात गेलो. तोच, स्टेशनाकडे वळताना जो खाटीक लागतो, ज्याच्या बापाकडून आपण सुरीला धार लावून घ्यायचो. म्हटलं, विलास, माझ्या पोरीला आणि मला अंगाला लागेल असं मेंढ्याचं दे. तो म्हणाला, काका, पीस कुठला देऊ? मांडी, सीना, चाप, खांदा, गर्दन? संघू, पन्नास वर्षं मटण खाल्लेला तुझा बाप तिथे नापास मुलासारखा उभा राहिला. मला माहीतच नव्हतं. मला म्हणजे, कुठल्या भागात काय असतं ते कधी वेगळं म्हणून कळायची वेळच आली नाही. माझ्या तोंडातून निघालं, सगळ्यातलं थोडं थोडं दे. तो म्हणाला, घ्या. मागे एक साहेब उभे होते, ते म्हणाले, भाऊ, हे लॉटरीचं तिकीट आहे का? मी म्हटलं, अहो, त्याहून बरं, यात प्रत्येकाला लागतं.

तेच मटण तुझी आई शिजवून तुला डब्यात पाठवत होती. तुझा पहिला डबा, दुसरा डबा, आणि मॅडमचा वजनाचा काटा जागचा हलेना. तुला वाटलं आपलं पळणं कमी पडतंय, म्हणून तू आणखी पळायला लागलीस. शेवटी मॅडमनी मला गाठलं. काका, डब्यात कुठला पीस असतो? मी छाती काढून म्हटलं, सगळ्यातला. त्यांनी कपाळाला हात लावला. मग कागदावर मेंढ्याचं चित्र काढून मला समजावलं, आणि खरं सांगतो, ती बाई माझ्यापेक्षा चांगली चांदणी काढत असणार. म्हणाल्या, मांडी म्हणजे सगळ्यात कोरडी, तिथे चरबी कमी आणि प्रथिनं भरपूर. कमरेचा नुसता गर काढला तर तोही तसाच. खांद्यात चरबी मांसाच्या आत विणलेली असते, वरून काढता येत नाही. सीना, म्हणजे छाती, आणि फासळ्या म्हणजे निम्मी चरबीच समजा. मी म्हटलं, मॅडम, पण चव तिथेच असते. त्या म्हणाल्या, म्हणूनच तर सगळे माझ्याकडे येतात. मानेचं आणि नळीचं विचारलं, तर म्हणाल्या, तिथे चिकट पदार्थ जास्त, तो शिजून रस्सा दाट होतो, पण ती प्रथिनं अपुरी, त्या पाण्यानं पोट भरतं, अंग भरत नाही. आणि तुझ्या घराजवळच्या मॉलमध्ये तेच हाडांचं पाणी बोन ब्रॉथ म्हणून बाटलीत विकतात, ते मी प्रितमबरोबर जाऊन डोळ्यांनी बघून आलो. मग नक्की काय, अंग भरतं की नाही? मी तर खुरांच्या रश्शावर वाढलेला माणूस. मी भरलो कशावर?

ह्या एका प्रश्नानं मला गावाकडे नेऊन सोडलं. तुला मी गावाकडचं फार सांगितलं नाही, सांगून तुमची तोंडं कडू कशाला करायची. आमच्या तिकडे मेंढा कापला की मांडी कुणाच्या घरी जायची आणि खूर, पोटातली वजडी कुठल्या वस्तीत यायची, हे जनावर कापायच्या आधी नाही, माणूस जन्मायच्या आधीच ठरलेलं असायचं. माझ्या आईनं त्या खुरांचं असं काही करून घालावं की आम्हाला वाटायचं, मेंढ्याला देवानं पाय दिले ते आमच्यासाठीच. मांडीची चव कशी असते ते मला कळलं तुर्भ्याला आल्यावर. आणि तेव्हा मी एक गोष्ट मनाशी धरली, की आता आपल्या हातून जे वाटलं जाईल त्यात कुणाच्या नावचा तुकडा आधी ठरलेला असणार नाही.

तू लहान होतीस, पण वाटे तुला आठवत असतील. धर्मराजशेठच्या चाळीत आपण भाड्यानं होतो. तो इथला मूळचा आगरी, त्याच्या भाताच्या जमिनीवर कारखाने उभे राहिले आणि तो चाळीचा मालक झाला. हौसेराव धनगर मार्केटात माथाडी होता, माण तालुक्याचा. पनवेलच्या बाजूला त्याच्या भावकीचे कळप उतरले की तिकडून तो सणासुदीला एखादा मेंढा आणायचा आणि चाळीतली पाच-सहा घरं मिळून तो घ्यायची. आणायचा तो, पण कापताना मात्र रस्त्याच्या टोकाला जाऊन बिडी ओढत बसायचा. धर्मराजशेठ मासळीवरचा माणूस, म्हणायचा, मना नको तुमचा मेंढ्याचा मटन, वास येतो, माझ्या घरा मावरा हाय. वाटा त्याचा नसायचा, पण अंगण त्याचं, आणि भांडायला सगळ्यात पुढे तोच. ह्यो ढीग मोठा हाय रं किसन, त्यातली फासली काढून ह्याच्यात टाक. ज्याला खायचं नाही असा पंच मिळायला नशीब लागतं.

वाटे घालायचं काम माझ्याकडे होतं. केळीची पानं मांडायची आणि एकेक भाग सगळ्या पानांवर फिरवायचा. मांडीचे तुकडे सगळीकडे सारखे. मग सीना. मग फासळी. मानेचं एकेक हाड. कलेजी बोटाएवढी, पण प्रत्येकाला. वजडीची पट्टी. मुंडी आणि खुरं पाळीनं, आज एका घरी, पुढच्या वेळी दुसऱ्या. म्हणून तर मला पीस माहीत नव्हते गं! एकदा पातेल्यात गेलं की मांडी कुठली आणि मान कुठली हे कोण बघतो? चरबी सगळ्यांच्या वाट्याला, कोरडं सगळ्यांच्या वाट्याला. कुणाला फार बाधलं नाही आणि कुणी उपाशी राहिलं नाही. आणि मग शेवटचं काम तुझं. तुला धर्मराजशेठच्या भिंतीकडे तोंड करून, वाट्यांकडे पाठ करून उभं करायचं. मी एका पानावर बोट ठेवून विचारायचं, हा कुणाचा? आणि तू न बघता ओरडायचंस, हौसूकाकाचा! हा कुणाचा? ताईबाईंचा! तुझा आवाज असा खणखणीत की पलीकडच्या गल्लीतली माणसं म्हणायची, चला, किसनच्या पोरीनं नावं घ्यायला सुरुवात केली. नाव घेतल्याशिवाय वाट्याला कुणी हात लावायचा नाही, आणि एकदा नाव घेतलं की कुणी नको म्हणायचं नाही, बदलून मागायचं नाही. एवढाच कायदा. कागदावर नव्हता, पण तो मोडलेला मी पाहिला नाही.

एकदाच मोडता मोडता राहिला, आणि तो तुझ्याकडून. मला त्या वर्षी पहिली कावीळ झाली होती. शेवंताबाईंच्या तोंडून तू ऐकलंस की अण्णाला कलेजी पाहिजे. त्या दिवशी माझा हात चुकून एका पानावर कलेजीचा तुकडा मोठा पडला होता. तू भिंतीकडे तोंड करून उभी, आणि मी त्या पानावर बोट ठेवतो न ठेवतो तोच तू ओरडलीस, अण्णांचा! धर्मराजशेठ ताडकन उठला. अरे ही पोर कळशीत बघते! त्याच्या ओट्यावर नवी स्टीलची कळशी पालथी घातलेली होती, आरशासारखी लखलखीत, आणि तुला तिच्यात पानं दिसत होती, माझं बोट दिसत होतं, आणि माझं पिवळं तोंडही. मी कलेजी पुन्हा सारखी केली नाही, पानं तेवढी फिरवली, कळशी आत नेऊन ठेवायला लावली आणि तुला पुन्हा नावं घ्यायला लावली. तू हुंदके देत नावं घेत होतीस. ते पान हौसेरावला गेलं. तो म्हणाला, पोरीला काय बोलतो रं? बापाला झुकतं माप दिलं, सासऱ्याला तर न्हाई ना दिलं! पण वाटा त्यानंही बदलला नाही. संध्याकाळी मात्र आपल्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, वाटा बदलायचा कायदा न्हाई, पण जेवायला बोलवायचा हाय. चला सगळी. आणि त्याच्या घरी त्यानं स्वतःच्या हातानं मला कलेजी वाढली. तू माझ्या मांडीवर बसून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होतीस, जणू घास उतरताच मी गोरा होणार होतो.

आता हौसेराव नाही. धर्मराजशेठची चाळ गेली, तिथे बिल्डिंग झाली, तो वरच्या मजल्यावरून खाली बघतो आणि हात हलवतो. पण संघू, ही सगळी गोष्ट मला विलासच्या दुकानात आठवली नाही, मॅडमच्या खोलीत आठवली नाही. ती आठवली काल, तुझी आई भांडी घासून ओट्यावर पालथी घालत होती तेव्हा. एका पातेल्याच्या बुडात मला माझं तोंड दिसलं. डोळे हळदीसारखे. आणि लख्ख आठवलं की त्या दिवशी दवाखान्यात मला काय झालं होतं.

डोक्यात घाण चढते म्हणजे काय होतं ते तुला सांगतो, कारण डॉक्टर ते बाहेरून बघतात. माणूस वेडा होत नाही. त्याची खोली तेवढी बदलते. डॉक्टर बोलत होते, लिव्हरचा भाग, लिव्हरचा भाग, आणि मला समोर धर्मराजशेठचं अंगण दिसत होतं. पान मांडलेलं होतं. त्यावर कलेजी होती, पण बोटाएवढी नाही, खूप मोठी, इतरांपेक्षा खूप जास्त. आणि सगळे मला म्हणत होते, उचल. तुझी आई, प्रितम, ते पांढऱ्या कोटातले, सगळे. मी म्हणालो, मी नाही उचलणार. अजून नाव कुठे घेतलंय? पुढचं वाक्य मी मनात बोललो की तोंडानं, देव जाणे, कुणीच ते ऐकलेलं दिसत नाही. ऐकलं असतं तरी काय समजणार होतं? ते समजणारी खोलीत तू एकटीच होतीस आणि तू निघून चालली होतीस. माझं म्हणणं एवढंच होतं की वाटा पुढे आलाय, पण पाठ करून नाव घेणारी पोर कुठेय?

हे तुझ्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, मरणाच्या दारात बसून वाट्याचं खूळ! पोर पोटचं देतेय आणि ह्यांना नियम सुचतात. तुझ्या आईचं, आमच्या चांगुणाबाईंचं, बोलणं असं असतं, आधी फटका आणि मग फुंकर. फुंकर अशी, की मग चष्मा पुसत म्हणाली, पण खरंच, तिला एकटीला कुणी विचारलंच नाही हो. सगळ्यांनी तपासलं, विचारलं कुणीच नाही. पण घोळ सुटला असं वाटता वाटता मला दुसरा घोळ दिसला. दवाखान्यातलं ते आजारानं बोललं हे खरं. पण आज चांदणी जुळलेली असताना, डोकं जाग्यावर असताना मी स्वतःला विचारलं, तर उत्तर बरंचसं तेच येतंय, आणि पुरतं तेही नाही. मला जगायचंय. हे सांगायला लाज वाटते, पण मला जगायचंय गं. तुझी क्रांती दुसरीत गेलीय, तिचे पाढे मला ऐकायचेत. तुझ्या आईला एकटीला त्या घरात भांडायला कुणी उरणार नाही. त्यामुळे मी थोर बाप होऊन नको म्हणतोय, असं मनात आणू नकोस. नको हे माझं उत्तर नाहीच.

माझी अडचण ती कळशी आहे. तू हो म्हणालीस तेव्हा माझ्याकडे बघत होतीस. माझे हे डोळे, हे फुगलेलं पोट, काड्या झालेले हात. तू तपासण्या केल्यास, पळालीस, उकडलेली मांडी मिठाशिवाय गिळलीस, ते सगळं माझ्या तोंडाकडे बघत. समोर कळशी असताना घेतलेलं नाव मी तू लहान असताना मानलं नाही, तर आता कसं मानू? आणि हा वाटा तर तुझ्याच अंगातला. त्यावर तुझं नाव आहे, अभयरावांचा हक्क आहे, क्रांतीचा तर सगळ्यात आधी. डॉक्टर म्हणतात, ते पुन्हा वाढतं, काही महिन्यांत पहिल्याएवढं होतं. असेल. मला मांडी कुठली ते कळत नव्हतं, मला हे काय कळणार. पण कापायचं तुला आहे, आणि दुखायचंही तुलाच आहे, एवढं मला चौथीच्या शिक्षणात कळतं.

म्हणून हे पत्र. समोर आलो तर तुला माझं तोंड दिसेल, फोन केला तर माझा खोकला ऐकू येईल. कागदाला तोंड नसतं. हे वाचून झालं की अभयरावांना बाहेर पाठव, आईचा फोन घेऊ नकोस, आणि तुझ्या त्या कोऱ्या भिंतीकडे तोंड करून उभी राहा, आम्हा सगळ्यांकडे पाठ करून. कळशीबिळशी जवळ ठेवू नकोस. मग जे नाव तोंडात येईल ते मोठ्यानं घे. क्रांतीचं आलं, तुझं स्वतःचं आलं, तर ते मला कळव, मी कमिटीला सांगेन की माझ्याच मनात नाही, तुझ्याकडे कुणी बोट दाखवणार नाही, आणि तुझ्याशी मी तसाच बोलेन जसा नेहमी बोलतो. आणि माझं नाव आलं, तर नावाचा वाटा नाकारणाऱ्यातला तुझा बाप नाही. दोन्ही हातांनी उचलेन आणि त्यानंतर मॅडम सांगतील तो पीस, सांगतील तसा उकडून, कुरकुर न करता खाईन. बदलून मागायचं नाही, ना तू ना मी. उभी राहिलीस? मी पानावर बोट ठेवलंय, संघू. हा कुणाचा?

तुझाच,
अण्णा